वृंदावन पाण्यात दिसेल का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका निवृत्त शिक्षिका आहेत. राहतात फोंड्यात, माहेर कुंभारजुवे कालव्याच्या काठावर. निवृत्तीनंतर त्या अ‍ॅक्रिलिक रंगांत निसर्गचित्रे काढू लागल्या. मुंबईत स्थायिक झालेल्या थोरल्या भावाची दिवाळीनंतर पंच्याहत्तरी आहे. त्याने बहिणीकडे एकच भेट मागितली: माहेरच्या घराचे चित्र, समोरच्या काठावरून, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट. भाच्याने मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून घर, माड, पडवीसमोरचे तुळशी वृंदावन असे सगळे नीट उतरले. फोटोतले प्रतिबिंब मात्र वाऱ्याने मोडलेले होते. म्हणून त्यांनी चित्राचा वरचा भाग बटर पेपरवर छापून घेतला आणि उलटा करून खाली रंगवला. 'वृंदावनाचे प्रतिबिंबसुद्धा मन लावून केले,' असे त्या लिहितात. पण पाणी पाण्यासारखे वाटत नाही, काचेवर स्टिकर लावल्यासारखे दिसते. वर्गातले शिक्षक म्हणतात, अ‍ॅक्रिलिक फार लवकर सुकते, पाण्याला तैलरंगच हवेत. यजमान म्हणतात, पाणी आणखी निळे कर. सून म्हणते, कमळे काढून झाकून टाका. 'तैलरंग नव्याने शिकू, पाणी वगळू, की दादाला नाही म्हणून सांगू?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

या तिन्हींपैकी काहीच करू नका. दिवाळीला अजून अवकाश आहे आणि तुमचे चित्र तुम्हाला वाटते तितके बिघडलेले नाही.

पत्रासोबत पाठवलेला चित्राचा फोटो मी बराच वेळ पाहत होते. वरचा भाग फार चांगला झाला आहे. मंगलोरी कौलांवर पावसात चढणारा काळपट शेवाळी रंग तुम्ही नेमका पकडला आहे. डावीकडचा माड पाण्यावर झुकला आहे, त्याच्या बुंध्याचा बाक पाहून तर हा हात शिकाऊ वाटतच नाही. अडचण खालच्या भागात आहे, आणि तिचा रंगांशी फारसा संबंध नाही. तुम्ही असे गृहीत धरले आहे की प्रतिबिंब म्हणजे वरचेच चित्र उलटे करून. बहुतेक जण हेच धरून चालतात, आणि 'पाणी जमत नाही' अशी जी पत्रे माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच पत्रांचे मूळ इथेच असते. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

समजा, समोरच्या काठावर तुम्ही उभ्या आहात आणि तुमचे डोळे पाण्यापासून ४ मीटर उंचीवर आहेत. कालवा तिथे ६० मीटर रुंद धरू. पलीकडचा बांध पाण्यापासून २ मीटर वर. घर बांधाच्या कडेपासून २० मीटर आत, आणि जोत्यापासून आढ्यापर्यंत ५ मीटर उंच. आकडे मी अंदाजाने घेतले आहेत, तुमच्याकडचे वेगळे असतील, पण हिशेब हाच राहील. आता पाण्यात काय दिसेल? तुमचा डोळा पाण्याच्या वर ४ मीटर आहे, तो तेवढाच पाण्याच्या खाली नेला, मध्ये पाणी नाहीच असे समजले, आणि तिथून वर घराकडे पाहिले तर जे दिसेल नेमके तेच प्रतिबिंबात दिसते. इतक्या खालून पाहताना बांधाची कड आड येते. त्या कडेला चाटून जाणारी नजर घरापाशी पोचेपर्यंत पाण्याच्या पातळीपासून ४ मीटर वर गेलेली असते. म्हणजे जोत्यापासून वरचे २ मीटर पाण्यात दिसणारच नाहीत. पडवी, पायऱ्या, दाराचा बराचसा भाग बांधाआड गेला. उरले छप्पर आणि भिंतीचा वरचा पट्टा. घरापुढे ५ मीटरवर सव्वा मीटर उंचीचे वृंदावन असेल तर ते पूर्ण नाहीसे होते.

तुमच्या चित्रात ते पाण्यात स्पष्ट उभे आहे. पाहणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो, पण आयुष्यभर नदी, तळी, शेतात साचलेले पाणी पाहिलेल्या डोळ्यांना ते खटकते. तुम्हालाही खटकले, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलेत. तुमची नजर बरोबर होती. बटर पेपर चुकीचा होता.

कागदावर हे तपासणे कठीण नाही. बाजूने पाहिल्यासारखा छेद काढा: पाण्याची आडवी रेघ, पलीकडे बांध, मागे घर, अलीकडे पाण्याखाली उतरवलेला डोळा. त्या डोळ्यापासून बांधाच्या कडेवरून एक सरळ रेघ ओढा. रेघेच्या वर जे राहील तेवढेच पाण्यात. शाळेत तुम्ही मुलांना याहून अवघड आकृत्या काढायला लावल्या असतील. देवळाच्या तळीचे चित्र काढणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. दीपस्तंभ काठापासून मागे असेल तर पाण्यात त्याचा वरचा भागच दिसतो, खालचे टप्पे दिसत नाहीत. तुम्ही जितके खाली, पाण्याच्या पातळीजवळ बसाल तितके प्रतिबिंब वरच्या चित्राशी जुळत जाईल. उंच रस्त्यावरून किंवा पुलावरून पाहिलेत तर दोन्हींत फरक वाढेल.

आता झुकलेला माड. तो पाण्यावर, तुमच्याच दिशेने झुकलेला दिसतो. अशा माडाचे प्रतिबिंब माडापेक्षा लांब असते. शेंड्यातून ओळंबा सोडला तर तो बांधापाशी टेकणार नाही, मध्ये पाण्यात टेकेल, म्हणजे चित्रात बराच खाली. त्या बिंदूपासून शेंड्याचे प्रतिबिंब तितकेच खाली मोजायचे. झुकाव नुसता डावीकडे असता तर प्रतिबिंबही डावीकडेच झुकले असते आणि लांबी तीच राहिली असती. तुम्ही प्रतिबिंबातला झावळ्यांचा झुबका फार वर घेतला आहे, त्यामुळे माड पाण्यावर झुकल्यासारखा न वाटता बांधावर सरळ रोवल्यासारखा वाटतो.

यासाठी एकदा माहेरी जाऊन यावे लागेल. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की काठावर एकटी वही घेऊन बसायचा संकोच वाटतो, लोक विचारतात. विचारू देत. ज्या काठावर तुमचे बालपण गेले तिथे बसायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. संकोच फारच वाटला तर भाच्याला सोबत घ्या. एक मात्र नक्की पाळा: कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला, खारफुटीत उतरून बसू नका. बांधावरून किंवा रस्त्यावरून पाहिले तरी पुरते.

वेळ सकाळची धरा, समुद्रावरचा वारा सुटण्याआधीची, आणि जमल्यास भरती पूर्ण झाल्यावरची. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी काही काळ थांबते, तेव्हा ते सर्वात स्वच्छ आरसा देते. ओहोटीला बांधाखाली चिखल उघडा पडतो, मग प्रतिबिंब बांधापासून सुरू न होता चिखलाच्या कडेपासून सुरू होते. भिजलेल्या चिऱ्यांवर भरतीच्या पातळीचा गडद पट्टा दिसतो, तोही टिपून घ्या. पाऊस आला तर पळू नका, थोडा वेळ आडोशाने पाहा. थेंब पडू लागले की प्रतिबिंबाचा आकार जातो आणि रंग तेवढा राहतो. पाणी कसे रंगवायचे हे त्या काही मिनिटांत जितके कळते तितके कुठल्या व्हिडिओतून कळणार नाही. फक्त पोलराइज्ड गॉगल घालून पाहू नका, तो पाण्यावरची चमकच कापून टाकतो.

फोटो ठेवा, पण घराच्या तपशिलासाठी. पाण्यासाठी फोटो फसवा आहे. भर उजेडात मोबाईलचा कॅमेरा सेकंदाच्या अगदी लहान अंशात चित्र टिपतो, त्यामुळे प्रत्येक लाट गोठते आणि पाणी तुकड्यातुकड्यांचे, कडक दिसते. आपण पाणी असे कधी पाहत नाही. एकामागून एक येणाऱ्या लाटा नजरेत मिसळतात आणि एक हलता, मऊ पट्टा दिसतो. तो पट्टा रंगवायचा. खारफुटीखालचा अंधारही मोबाईल सपाट काळा करून टाकतो, प्रत्यक्षात तिथे बरेच तपकिरी आणि हिरवे असते.

यजमानांच्या निळ्या पाण्याबद्दल. त्यांना दोष देत नाही, पाणी निळे ही समजूत आपल्याला शाळेच्या रंगपेटीपासून मिळालेली आहे. पाण्याकडे सरळ खाली पाहिले तर त्यावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परततो, बाकीचा आत शिरतो. म्हणून पायाशी दिसतो तो पाण्याचा स्वतःचा रंग. दूरवर, जिथे नजर पाण्याला जवळजवळ समांतर जाते, तिथे निम्म्याहून जास्त प्रकाश परततो, आणि तिथे पाण्याला स्वतःचा रंग असा फारसा उरत नाही, असते ते आकाश आणि पलीकडचा काठ. चोडणच्या किंवा दिवाडीच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून आधी खाली आणि मग हळूहळू दूर पाहिलेत की हा बदल डोळ्यांसमोर घडतो. तुमच्या चित्रात पाणी वरपासून खालपर्यंत एकाच निळ्याचे आहे, त्यामुळे ते आडवे पसरत नाही, भिंतीसारखे उभे राहते.

मग पाण्याचा स्वतःचा रंग कोणता घ्यायचा? यासाठी दादांना फोन करा. त्यांना घर आठवते ते कोणत्या दिवसांतले, कोणत्या वेळचे? आषाढातले असेल तर पाणी आपल्या तांबड्या मातीने गढूळ झालेले, जवळच्या भागात कच्च्या विटेच्या रंगाकडे झुकणारे. चतुर्थीची सुट्टी आठवत असेल तर ढगाळ, रुपेरी. डिसेंबरातली सकाळ असेल तर गडद हिरवट, वर धुक्याचा पातळ थर. तुम्ही भाच्याचा फोटो प्रमाण धरलात, पण चित्र मागणाऱ्या माणसाला काय आठवते हे अजून विचारलेले दिसत नाही. हा एक फोन तुमचे निम्मे रंग ठरवून टाकेल. शिवाय पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या भावाशी कालव्याबद्दल बोलायला मिळेल ते निराळे.

गढूळ पाण्याची आणखी एक गंमत आहे. खारफुटीसारख्या काळोख्या भागाच्या प्रतिबिंबात पाण्याची माती जास्त डोकावते, म्हणून ते मूळ झाडांपेक्षा उजळ आणि तपकिरी दिसते. उलट चुना लावलेली भिंत पाण्यात थोडी मळकी होते. काळे थोडे उजळायचे, पांढरे थोडे विझवायचे, आणि पाण्यातले सगळेच कमी टोकदार ठेवायचे. तुमच्या भिंतीचे प्रतिबिंब भिंतीइतकेच शुभ्र आहे. तेवढे एक बदललेत तरी फरक जाणवेल.

सूनबाईंच्या कमळांची सूचना प्रेमाने केलेली आहे, पण ती घेऊ नका. भरती-ओहोटीच्या, खारफुटीच्या पाण्यात कमळ येत नाही. म्हार्दोळच्या तळीत शोभेल ते कुंभारजुव्याच्या कालव्यात शोभणार नाही, आणि त्या काठावर वाढलेल्या दादांना ते पहिल्याच नजरेत कळेल.

आता तुमच्या शिक्षकांचे म्हणणे. ते निराधार नाही. तैलरंग कित्येक दिवस ओले राहतात, त्यामुळे कडा मऊ करायला निवांत वेळ मिळतो. पण तैलरंगाच्या सवयी वेगळ्या आहेत: आधी पातळ, मग जाड हा क्रम, टर्पेंटाइन, आणि आपल्या पावसाळी हवेत सुकण्याची लांबलचक वाट. दिवाळीच्या मुदतीत नवे माध्यम शिकणे म्हणजे एकाऐवजी दोन काळज्या. आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी होत नाही असे तर मुळीच नाही. डेव्हिड हॉकनी यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोहण्याच्या तलावांची जी चित्रे केली, त्यातली प्रसिद्ध चित्रे अ‍ॅक्रिलिकमध्येच आहेत. शिक्षकांना दुखवायची गरज नाही. 'हे चित्र संपवते, मग तैलरंग शिकवा,' असे सांगा. ते खुशीने शिकवतील.

लवकर सुकण्याचा त्रास या दिवसांत तसाही कमी असतो. अ‍ॅक्रिलिक सुकते ते त्यातले पाणी उडून, आणि पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे ते सावकाश उडते. काम करताना पंखा बंद ठेवा. कॅनव्हासवर पाण्याचा बारीक फवारा मारून घ्या. पॅलेटसाठी झाकणाचा डबा घेऊन तळाशी ओले फडके, वर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवा (तुमच्या बटर पेपरचा खरा उपयोग हा), म्हणजे ते तासन्‌तास ओले राहतील. फडके मात्र दोन दिवसांनी बदला, नाहीतर या हवेत बुरशी धरते. रंग पातळ करायला सारखे पाणी ओतू नका, त्याने रंगाची पकड कमी होते आणि डाग पडतात. ग्लेझिंग मीडियमची (रंग पातळ आणि पारदर्शक करणारे द्रव) एक बाटली आणा. जास्तच घाई होत असेल तर रिटार्डरचे (सुकणे लांबवणारे द्रव) एक-दोन थेंब, अधिक नको, रंग चिकट राहतो.

चित्र नव्याने सुरू करू नका. खालच्या भागावरचा रंग पूर्ण सुकलेला आहे. बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा, उंचवटे जातील. पुसून वाळवा. मग अख्ख्या पाण्यावर मधल्या छटेचा अपारदर्शक हात द्या, वृंदावन त्याखाली जाऊ द्या. बांधाच्या कडेला मास्किंग टेप लावली तर वरचे काम सुरक्षित राहते.

त्यावर आधी आकाशाचा रंग. वरचे आकाश सुकलेले आहे, त्याला ओल्या रंगाने जुळवायला गेलात तर फसाल. अ‍ॅक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो आणि सुकला की पारदर्शक होतो, म्हणून रंग सुकल्यावर गडद होतो. पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंग लावा, वाळवा, चित्रातल्या आकाशाला लावून पाहा, मग ठरवा. पुढच्या चित्राच्या वेळी आकाश आणि पाणी एकाच बैठकीत, एकाच मिश्रणातून करा. पांढऱ्याचा हात आखडता ठेवा, टायटॅनियम पांढरा जास्त झाला की पाणी खडूसारखे कोरडे दिसते. काठापासून तुमच्याकडे येता येता या रंगात पाण्याचा स्वतःचा रंग वाढवत न्या.

तो थर ओलसर असतानाच प्रतिबिंबाचे गडद भाग घाला. रुंद, सपाट ब्रश घ्या आणि काठापासून सरळ खाली ओढा. झावळ्या मोजू नका, झुबक्याचा एक गडद आकार पुरे. काळ्या ट्यूबऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद बनवा, त्यात सॅप ग्रीन मिसळले की खारफुटी होते. लगेच स्वच्छ, किंचित ओला ब्रश आडवा, अलगद, एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होईल. आवरा, चिखल तिथेच होतो. उभ्या ओढीला कारण आहे: लहान लाटांमुळे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने लांबते आणि आडवे फारसे पसरत नाही. म्हणून उभी लांबी आणि आडव्या तुटलेल्या कडा, असे दोन्ही एकत्र दिसते.

हे पूर्ण सुकू द्या. मग खरे महत्त्वाचे काम: भरपूर मीडियममध्ये पाण्याच्या रंगाचा अगदी थोडा अंश घालून पातळ ग्लेझ करा आणि ती प्रतिबिंबावरून आणि मोकळ्या पाण्यावरून, दोन्हींवरून सलग न्या. ही एक ग्लेझ प्रतिबिंबाला पाण्यात बसवते. तुमच्या चित्रात घराची उलटी प्रतिमा आणि पाणी यांच्यावर सामाईक असे काहीच नव्हते, म्हणून ती वरून लावल्यासारखी दिसत होती. एकीने भागले नाही तर वाळवून दुसरी द्या. इथे लवकर सुकणे तुमच्या फायद्याचे आहे. तैलरंगात याच दोन हातांसाठी कित्येक दिवस थांबावे लागले असते.

शेवटी लाटांच्या मोजक्या आडव्या रेघा: काठाजवळ बारीक आणि दाट, तुमच्याकडे रुंद आणि विरळ. वारा लागलेला एखादा फिका पट्टा गडद प्रतिबिंबाला मध्येच कापत जाऊ द्या. चमचमणारे ठिपके सगळीकडे शिंपडू नका. मूठभर, तेही जिथे उजेड खरोखर पडतो तिथेच.

आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नुसत्या पाण्याचे सराव करा, घराशिवाय. फोंड्याहून दर वेळी कालव्यावर जाणे होणार नसेल तर जवळपासच्या लावणीच्या शेतात उभ्या राहा. चिखलाच्या उथळ पाण्यात रोपे, बांध आणि आकाश यांचे प्रतिबिंब या दिवसांत जागोजागी असते, आणि पाण्याचा स्वतःचा रंग तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका नदीत दिसत नाही.

व्हार्निशची घाई करू नका, पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की द्या. चकचकीत प्रकारचे घ्या, गडद प्रतिबिंबांना त्याने खोली येते. मुंबईला पाठवताना चित्रावर थेट फुग्यांचे प्लॅस्टिक गुंडाळू नका. अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग उष्णतेने मऊ होतो आणि प्लॅस्टिक त्याला चिकटते, फुग्यांचे ठसे उमटतात. आधी बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, मग प्लॅस्टिक. आणि कोणी बसने जाणारे असेल तर चित्र त्यांच्या हातीच द्या, सामानाच्या डिकीत ठेवू नका.